नकाशातले बाळसे

दिवाळी अंक हाती पडला की प्रथम भविष्य उघडणारे, प्रथम व्यंगचित्रे पाहणारे आणि प्रथम पाककृती शोधणारे असे वाचकांचे तीन वर्ग मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. प्रथम आकडेवारी वाचणारा वाचक मात्र मला अजून भेटायचा आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की यंदाच्या या सदरात थोडे आकडे आहेत. फार नाहीत, एक चकली संपेपर्यंत वाचून होतील इतकेच. पण ते ज्यांच्याविषयी आहेत ती मंडळी या घटकेला आपल्यापैकी अनेकांच्या घरात रांगत असतील, नि कदाचित हाच अंक फाडण्याच्या विचारातही असतील.

मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्दापासून सुरुवात केल्याशिवाय मला राहवत नाही. लहान मुलाच्या प्रकृतीसाठी आपल्याकडे ‘बाळसे’ असा एक गोजिरवाणा शब्द आहे. मूल बाळसे धरते, बाळसेदार दिसते, आणि आजारातून उठले की त्याचे बाळसे उतरते. हे सारे मोजायचे कशाने? तर नजरेने. आजीने मांडीवर घेऊन दंडाच्या वळ्या दाबून पाहिल्या की निकाल लागला. आणि निकाल चांगला असला तरी तो मोठ्याने सांगायचा नाही, कारण दृष्ट लागते. लगेच गालावर काजळाची तीट! काट्यावर घालणे तर त्याहून वाईट. ‘पोराला तागडीत घालायला तो काय भाजीपाला आहे?’ असे विचारणाऱ्या आज्या माझ्या लहानपणी घरोघर होत्या. मौज अशी, की नवसाची गूळतुला याच आज्यांना चालत असे. देवळातली तागडी चालते, दवाखान्यातली चालत नाही!

आणखी एक प्रथा आठवते. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते. तिच्या सोयीसाठी पाटाशेजारी कोरा कागद नि लेखणी ठेवायची. माणसाच्या आयुष्यातली ही पहिली नोंद. फक्त ती कुणाला वाचता येत नसे. जे व्हायचे ते होऊन गेल्यावर ‘पाचवीलाच पुजले होते’ एवढे म्हणायला मात्र तिचा उपयोग होई.

आता नोंद वाचता येते. नुसती वाचताच येत नाही, तर संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवले की देश उघडतो, देशावर बोट ठेवले की महाराष्ट्र, महाराष्ट्रावर ठेवले की पुणे जिल्हा. प्रत्येक जिल्ह्याला रंग. कुठे किती मुले वयाच्या मानाने बुटकी, किती रोडावलेली, कितींना लशी टोचल्या, किती मातांच्या अंगात रक्त कमी, हे सारे आपल्याला हवे तसे फिरवून, उलटसुलट लावून पाहता येते. केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ 2021 च्या मार्चमध्ये सुरू झाले. गावोगावच्या अंगणवाडी सेविका आपल्या फोनवरून मुलांची उंची नि वजन त्यात भरतात. त्याच्या आधीपासून दर काही वर्षांनी होणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी आहे. तिचे जिल्हावार तक्ते कुणालाही मिळतात. अशा आकड्यांना चालतेबोलते करण्याची गोडी जगाला लावली ती हान्स रोस्लिंग या स्वीडिश डॉक्टरने. मोझांबिकच्या एका गरीब भागात त्याने डॉक्टरकी केली होती. पुढे देशोदेशींचे बालमृत्यू नि उत्पन्न यांचे रंगीत बुडबुडे पडद्यावर असे काही पळवून दाखवले, की घोड्यांची शर्यत पाहावी तशी माणसे ती आकडेवारी पाहू लागली.

हे सगळे मला पहिल्यांदा नीट दाखवले ते माझ्या भाच्याने, आणि तेही खोडदला.

खोडद म्हणजे जुन्नर तालुक्यातले, नारायणगावच्या पूर्वेचे गाव. माझी थोरली बहीण तिथे दिली आहे. या गावाचे नाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक असते, आणि आपल्या पुण्यातल्या पेठांत मात्र ‘ते नक्की कुठे आले हो?’ असे विचारतात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण तिथे आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! त्यांतल्या चौदा मध्यभागी जवळजवळ, आणि सोळा तीन दिशांना इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या पसरलेल्या, पंचवीस किलोमीटरपर्यंत. दर वर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते आणि शाळांच्या गाड्यांची रांग लागते. त्याच निमित्ताने मी गेलो होतो. एका अभियंत्याने मुलांना समजावून सांगितलेले मला फार आवडले. तबकड्या एवढ्या लांब लांब का? तर एका ठिकाणाहून पाहिले की आकाशातली दोन तेजे एकच भुरकट ठिपका होऊन दिसतात. लांब लांब कान लावून, सगळ्यांचे ऐकलेले एकत्र केले, की मग त्या ठिपक्याचे दोन वेगळे तारे होतात.

संध्याकाळी घरी आलो. भाचा नारायणगावच्या एका दुकानात संगणक दुरुस्त करतो. त्याने आपली मांडीवरची पेटी उघडली नि म्हणाला, “मामा, आकाश झालं, आता गाव बघा.” पडद्यावर भारताचा नकाशा होता. त्याने तो वाढवत वाढवत नेला आणि चक्क गावापर्यंत आणून सोडला. गावागावाला रंग, रंगाला आकडा. शंभर मुलांत खुजी किती, कमी वजनाची किती.

आक्का सुनेच्या मांडीवरच्या नातीला वरणभात भरवत होती. तिने मान वळवून विचारले, “हे कशाचं रे?”

“आपल्या गावातल्या कुपोषित पोरांचं, आई.”

“आमच्या पोरांना मोजलं कुणी?”

भाचा हसला. मी मात्र हसू शकलो नाही, कारण या एका प्रश्नात साऱ्या विषयाचे मर्म होते. नंतर मी त्या नकाशाच्या मुळाशी जाऊन पाहिले, आणि आक्काचा प्रश्न बिनतोड निघाला. तिच्या गावाच्या त्या आकड्यासाठी तिच्या गावातले मूल कुणी मोजलेच असेल असे नव्हते!

प्रकार असा. हार्वर्ड विद्यापीठाचे प्रा. एस. व्ही. सुब्रमणियन आणि त्यांचे सहकारी यांनी 2021 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. भारतातल्या सुमारे सहा लाख गावांतले बालकुपोषण गाववार काढून दाखवणारा. आता सहा लाख गावांत जाऊन तराजू लावणे कोणाला शक्य आहे? म्हणून त्यांनी केले असे, की कुटुंब आरोग्य पाहणीत ज्या थोड्या वस्त्यांतली मुले खरोखर मोजली गेली होती, त्या वस्त्यांचे आणि 2011 च्या जनगणनेतल्या गावांच्या वर्णनाचे नाते गणिताने जोडले. पक्की घरे किती, नळाचे पाणी किती, साक्षर बायका किती, रस्ता आहे की नाही. अशा गावात एवढी मुले खुजी आढळली, तर त्याच्यासारख्या दुसऱ्या गावात साधारण एवढी असावीत.

आमच्या धंद्यातले उदाहरण देतो म्हणजे चटकन कळेल. एखाद्या विद्यार्थ्याचे गाव, वडिलांचा व्यवसाय, घरातली पुस्तके आणि आईचे शिक्षण विचारून घ्यावे, आणि उत्तरपत्रिका न तपासता त्याला मराठीत बेचाळीस गुण देऊन मोकळे व्हावे, तसे हे आहे. पाच हजार विद्यार्थ्यांची सरासरी या रीतीने काढली तर ती फारशी चुकणार नाही. मदतीचे वर्ग कोणत्या तालुक्यात काढावेत हे ठरवायलाही ती उत्तम. पण गुणपत्रिकेवर सही करणारा मास्तर मात्र तुरुंगात टाकला पाहिजे! निबंध लिहिणारे स्वतः याला अंदाजच म्हणतात. त्यांनी कुणाला फसवलेले नाही. फसतो तो रंग पाहणारा. पडद्यावरचा तांबडा रंग हा ‘अंदाजे तांबडा’ आहे हे डोळ्यांना कळत नाही. म्हणूनच खोडदचा तो आकडा मी इथे देत नाही.

मग मोजलेले आकडे कोणते? ते देतो. 2019-21 च्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत 35 खुजी निघाली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. जवळजवळ 26 रोड, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी. आणि वयाच्या मानाने वजन कमी असलेली 36. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यायला हवे. रोडपणा हा अलीकडच्या उपासाचा किंवा जुलाबाचा हिशेब असतो, महिन्या-दीड महिन्यात बिघडतो नि सुधारतोही. खुजेपणा हा जुना हिशेब. तो आईच्या पोटातच सुरू होतो, आणि दुसरा वाढदिवस उलटला की बराचसा कायमचा होऊन बसतो. पुरात झाड वाकणे वेगळे आणि रोपच कातळावर उगवणे वेगळे.

इथे हमखास एक गृहस्थ उठतात नि म्हणतात, ‘अहो, आपली हाडापेराची ठेवणच लहान. नॉर्वेच्या फूटपट्टीने आपली मुले कशाला मोजता?’ प्रश्न वाजवी आहे. जागतिक आरोग्य संघटनेला तो आधीच सुचला होता. म्हणून 1997 ते 2003 या काळात तिने सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुले मोजली. ब्राझील, घाना, ओमान, अमेरिका, नॉर्वे, आणि हो, भारतातली दिल्ली. मुले निवडली ती चांगल्या खात्यापित्या घरची, आईच्या दुधावर वाढलेली, आई बिडी-सिगरेट न ओढणारी अशी. आढळले असे, की पहिली पाच वर्षे या सगळ्यांची उंची जवळजवळ सारखीच वाढते. दिल्लीचे मूल ऑस्लोच्या मुलाहून वेगळे निघाले नाही. ती फूटपट्टी आपलीही आहे. त्या पट्टीने निरोगी समाजातही शंभरात दोन-तीन मुले खालच्या रेषेच्या आत यायचीच, कारण काही माणसे मुळातच बुटकी असतात. पस्तीस येतात, तेव्हा मात्र ठेवणीचे कारण सांगता येत नाही.

आणि ही गोष्ट फक्त झोपडीतली नाही. त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांत 69 मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आधीच्या, 2015-16 च्या पाहणीत हा आकडा 54 होता. शंभरात एकोणसत्तर! एवढ्या जणांत आपल्या सोसायटीतली, बिस्किटाचा पुडा दुधात बुडवून वाढवलेली, ‘काही खातच नाही हो’ अशी जिची रोज तक्रार असते ती मुलेही असलीच पाहिजेत. कुपोषण म्हटले की आपण मेळघाटाकडे बोट दाखवतो. शब्दच असा झाला आहे, की तो नेहमी दुसऱ्याच्या मुलाला लागतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास चालवला, तो तर शहरातल्या मंडळींनी मुद्दाम वाचावा असा आहे. तिथली बाळे जन्मताच पावणेतीन किलोच्याही आत. इंग्लंडमधल्या बाळांपुढे ती किडकिडीत. पण स्नायू कमी असून चरबी मात्र त्या मानाने टिकून! ‘बारीक-लठ्ठ’ असे विचित्र नाव त्या अवस्थेला मिळाले. हीच बाळे पुढे मधुमेहाच्या वाटेला का लागतात याचा धागा तिथे सापडतो. आपल्या घरातल्या साखरेच्या गोळ्यांच्या डब्यांचा संबंध आपल्या आजीच्या गरोदरपणातल्या पानाशी असावा, ही गोष्ट मला तरी अस्वस्थ करून गेली. त्याच अभ्यासात एक साधी गोष्टही दिसली, की ज्या गरोदर बायका पालेभाजी, फळे नि दूध अधिक वेळा घेत होत्या त्यांची बाळे आकाराने मोठी होती. असो. दिवाळीत पालेभाजीचे नाव काढणे अपशकुनी ठरेल.

पुन्हा जुन्नरकडे वळतो. पाहणीचे आकडे मोजलेले खरे, पण महाराष्ट्रात मिळून घेतली गेली ती सुमारे साडेएकतीस हजार कुटुंबे. जिल्हे छत्तीस. म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशेच्या आतच. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची वस्ती चौऱ्याण्णव लाख होती. या नऊशे घरांत कोथरूडचा फ्लॅट, हडपसरची चाळ, बारामतीचा मळा आणि भीमाशंकरच्या अंगचे खोपट एकत्र मिसळते, आणि निघते ते एक सरासरी मूल. असे मूल जिल्ह्यात कुठेच राहत नाही.

एकटा जुन्नर तालुका घ्या. पूर्वेकडे खोडद, नारायणगाव. पाटाचे पाणी, द्राक्षे, कांदा, आणि टोमॅटोचा तो प्रसिद्ध बाजार. पश्चिमेकडे नाणेघाटाच्या बाजूला धुवाधार पाऊस, भाताची खाचरे, महादेव कोळ्यांच्या वाड्या. पाऊस सरला की पाणीही सरले. शेजारच्या आंबेगावातही तेच. पूर्वेला मंचरचा बाजार, पश्चिमेला डोंगरउतार. 2014 च्या जुलैत गाडले गेलेले माळीण त्याच उतारावर. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावला आहे, ते उगाच नाही. दुर्बिणीच्या अभियंत्याच्या भाषेत सांगायचे तर जिल्ह्याचा आकडा हा भुरकट ठिपका आहे. त्यात दोन तारे आहेत, की दहा, हे त्यावरून कळत नाही.

तेव्हा प्रत्येक मुलाजवळ कान लावून बसलेली एकच व्यवस्था उरते. अंगणवाडी. दुसऱ्या दिवशी आक्काच्या सुनेबरोबर मीही गेलो. नातीचे वजन करायचे होते. मास्तर आला म्हणून बसायला खुर्ची मिळाली, तेवढीच अडचण झाली.

ज्याने कुणी सवा वर्षाच्या मुलाची उंची मोजली नसेल त्याने आकडेवारीवर मत देऊ नये, असा एक कायदा करावा असे तिथे मला वाटले. दोन वर्षांखालचे मूल आडवे निजवून मोजतात. एकीने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी टाचांना लावायची. मूल ओरडते, वाकते, कुशीवर वळते. पट्टीवरचा आकडा त्या अर्ध्या क्षणात वाचायचा. वर्षाच्या मुलीची लांबी जागतिक मापाने 74 सेंटिमीटर असावी, 68.9 च्या खाली गेली की ती खुजी. पाय नीट सरळ झाला नाही आणि एक सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला, की मूल एका रंगातून दुसऱ्या रंगात! वजनाचेही तसेच. वर्षाच्या मुलीचे सात किलो ही रेघ. अंगातल्या लोकरी कपड्यांनी ती ओलांडली जाते.

हे सारे करायचे, आणि फोनमध्ये भरायचे. शिवाय पोरांना शिकवायचे, घरी न्यायचा शिधा वाटायचा, गरोदर बायकांच्या याद्या ठेवायच्या, सभेला तालुक्याला जायचे. आरंभी ते पोषण ट्रॅकर इंग्रजीत होते नि सरकारी फोन अडत होते, म्हणून 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले होते. वर्तमानपत्रांत ती बातमी कामगारांच्या मागण्यांच्या पानावर आली. माझ्या मते ती आरोग्याच्या पानावर यायला हवी होती. ज्या बाईच्या बोटांतून देशाचा नकाशा रंगतो तिला त्यातली भाषाच कळत नसेल, तर त्या रंगाला काय अर्थ? पुढे ते मराठीत आले हे चांगले झाले.

एक अडचण मात्र भाषेने सुटत नाही. तांबड्या रंगाचे मूल भरले की वरून विचारणा होते, भेटी होतात, कागद वाढतात. हिरव्या मुलाला कुणी काही विचारत नाही. प्रत्येक सेविका असे करते असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु साऱ्या व्यवस्थेचा उतार हिरव्याकडे आहे, आणि पाणी उताराकडे जाते. याचा पुरावा आकड्यांतच आहे. 2023 मध्ये जागतिक भूक निर्देशांकावर वाद झाला, तेव्हा केंद्र सरकारने सांगितले की पोषण ट्रॅकरप्रमाणे देशातला रोडपणा दर महिन्याला शंभरात 7.2 च्या खालीच असतो. कुटुंब आरोग्य पाहणीत तोच 19.3 होता. एकाच देशाची मुले, दोन तराजू, आणि एवढा फरक! पाहणीवाले कोणत्याही दारात जातात. ट्रॅकरमध्ये अंगणवाडीत नाव असलेले आणि त्या दिवशी हजर असलेले मूलच येते. आपल्या सोसायटीतली मुले तर त्यात नाहीतच. मला विचाराल तर मी पाहणीवर अधिक विश्वास ठेवीन, आणि ट्रॅकर मात्र रोज वापरीन. पाहणीने ‘पस्तीस’ सांगितले तरी त्या पस्तिसांची नावे तिच्याजवळ नसतात. अंगणवाडीच्या यादीत नावे असतात, नि नाव कळले तरच वाढलेले ताट त्या मुलापुढे ठेवता येते.

न मोजलेल्यांची मोजदाद करण्यात महाराष्ट्राने देशाला धडा घालून दिला आहे, हे विसरू नये. डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत जन्म-मृत्यू घरोघर जाऊन टिपले. 1995 पासून त्यांनी 39 गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले, 47 गावे तुलनेला ठेवली, आणि तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी करून दाखवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. पुढे 2001 मध्ये त्यांनी व इतर संस्थांनी मिळून राज्यातल्या बालमृत्यूंचा जो अहवाल काढला त्यात दिसले, की प्रत्यक्षात मरणारी मुले सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत. अहवालाचे नाव ‘कोवळी पानगळ’. सरकारी कपाटात धूळ खाण्यासाठी जन्मलेल्या कागदाला इतके बोचरे नाव दिल्यामुळे तो धूळ खाऊ शकला नाही, असे एक मराठीचा मास्तर म्हणून माझे मत आहे. राज्याला समिती नेमावी लागली, आणि 2005 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. 2005-06 मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या शंभरात 39 मुले खुजी होती. 2012 च्या राज्याच्या स्वतंत्र पाहणीत ती 23 च्या आसपास आली. सात वर्षांत एवढी घट जगात फार ठिकाणी झालेली नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत मात्र नंतरच्या दोन्ही पाहण्यांत, 34 नि 35 वर, काटा अडकून बसला आहे. उतरलेला काटा का अडकला, यावर विधानसभेत एक दिवस चर्चा झाली तर मी रजा काढून ऐकायला जाईन.

खोडदच्या त्या सकाळी आक्काची नात सव्वानऊ किलो भरली. आक्काने तेवढ्यात तिच्या कानामागे तीट लावून घेतली ती लावलीच. आम्ही निघत होतो, तेवढ्यात टोमॅटोच्या तोडणीला निघालेल्या चार-पाच बाया दाराशी थांबल्या. पश्चिमेकडच्या वाड्यांतून दर हंगामात मजुरीला येणाऱ्या. त्यांच्यातल्या एकीच्या कडेवर मूल होते. इथल्या यादीत तिचे नाव नव्हते. तिकडच्या यादीत होते, पण वजनाच्या दिवशी ती तिकडे नव्हती. दोन नकाशे, नि दोन्हींत ती नाही.

ताईंनी काही न विचारता हात पुढे केले. “आण गं इकडं. किती महिन्यांची?”

“शिमग्याला वरीस होईल, बाई.”

काटा सहा किलो चारशेवर थांबला. ताईंनी दंडाला पट्टी गुंडाळली. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेले तर दवाखान्यात न्यावे लागते. ती थोडी वर होती. आईला त्यांनी काम कुठे चालू आहे, मुक्काम कुठे, दुपारी पोर कुणाजवळ असते, अंगावर पाजतेस का, हे सगळे विचारले. फोनमध्ये ही मुलगी तिकडून इकडे घेता येते, पण त्यासाठी तिकडची नोंद सापडायला हवी. म्हणून तूर्त रजिस्टरच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने वजन, दंड नि वाडीचे नाव लिहून घेतले. त्या पानावर आधीची नऊ नावे होती.

भाच्याला मी परत येताना विचारले, तुझ्या त्या नकाशात हे पान कुठे उघडते? तो म्हणाला, “मामा, ते ताईंनाच विचारायला पाहिजे.” तेव्हापासून कुणी मला एखाद्या गावाचा आकडा दाखवला, की मी त्या दिवशी किती मुले गैरहजर होती एवढेच विचारतो. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत यावरून माझी थट्टा होते, कारण वर्गातल्या गैरहजेरीविषयी मी आजवर इतका आग्रही कधी नव्हतो.

मार्चच्या अखेरीस आक्काचा फोन आला तेव्हा तिने दोन बातम्या दिल्या. नातीला दाढ येते आहे. आणि त्या मुलीच्या वाडीच्या ताई सापडल्या, नोंद इकडे आली, आता तोडणीला जाताना आई तिला अंगणवाडीत सोडते. गेल्या खेपेला सहा किलो नऊशे भरली.